मित्रदेशांचं सायबर संशोधन: सह्या झाल्यावर घोडं कुठे अडतं

दोन देशांनी सायबर सुरक्षेतल्या संयुक्त संशोधनाच्या करारावर सह्या केल्या की बातमीपुरतं गंगेत घोडं न्हालेलं असतं. करारात ‘माहितीची देवाणघेवाण’, ‘क्षमताबांधणी’, ‘संयुक्त प्रकल्प’ असे ऐसपैस शब्द असतात. मग एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे पहिली फाइल पाठवायची वेळ येते आणि प्रश्न सुरू होतात. ही फाइल पुढे कोणाला दाखवायची? तिच्यातले आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या यंत्रांचे क्रमांक) कोणाच्या कायद्यानं वैयक्तिक माहिती ठरतात? सोबत जोडलेला मालवेअरचा, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचा, नमुना पाठवायला निर्यात परवाना लागतो का? प्रकल्प संपल्यावर ती कोणी पुसायची, आणि पुसली हे कसं दाखवायचं? यातल्या कशाचंही उत्तर वरच्या करारात नसतं. ते काम करणाऱ्यांनी खाली लिहायचं असतं.

माझ्या मते असे प्रकल्प अविश्वासापेक्षा संकोचामुळे जास्त रखडतात. मैत्री आहे म्हणून अटी लिहायला अवघड वाटतं आणि पहिल्याच गैरसमजाला दोन्हीकडचे वकील मध्ये येतात. म्हणून या लेखात राजनय कमी आणि फायलींची भानगड जास्त आहे.

तीन वेगळी कामं

‘सायबर सहकार्य’ या एका नावाखाली तीन कामं चालतात आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं घटना-प्रतिसादाचं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला आणि त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिलं सर्ट (संगणकीय आणीबाणी प्रतिसाद पथक) समन्वय केंद्र उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, वँक नावाचा वर्म आला तेव्हा वेगवेगळ्या देशांतल्या पथकांचा एकमेकांशी नीट संपर्कच नव्हता असं लक्षात आलं. त्यातून १९९० मध्ये फर्स्ट ही प्रतिसाद पथकांची जागतिक संघटना जन्मली. इथला व्यवहार ताज्या, थोड्या आणि तातडीच्या माहितीचा असतो.

दुसरं काम पोलिसांचं. २००१ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला आणि १ जुलै २००४ पासून लागू असलेला सायबर गुन्ह्यांवरचा बुडापेस्ट करार हा त्याचा पाया. त्यानुसार सदस्य देशांनी चोवीस तास उपलब्ध असणारा संपर्कबिंदू नेमावा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये इमोटेट बॉटनेटचं (बाधित यंत्रांच्या जाळ्याचं) नियंत्रण हिसकावून घेतलं ते याच प्रकारच्या कामातून: नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, लिथुएनिया, कॅनडा आणि युक्रेन एकत्र आले, समन्वय युरोपोल आणि युरोजस्ट या युरोपीय पोलीस आणि न्यायसहकार्य संस्थांनी केला. बाधित यंत्रांवर पोलिसांनीच एक नवी फाइल पोचवली आणि २५ एप्रिल २०२१ ला इमोटेट स्वतःच उखडला गेला. इथे पुराव्याची साखळी महत्त्वाची, कारण माहिती शेवटी न्यायालयात उभी राहायची असते.

तिसरं संशोधन. त्याला जुनी, कच्ची आणि भरपूर माहिती लागते, आणि निकाल जाहीर करायचे असतात. पहिली मोठी चूक इथेच होते. संशोधकांना विदा (डेटा) देतं राष्ट्रीय सर्ट, आणि देतं ते घटना-प्रतिसादाच्या नियमांखाली. दोन वर्षांनी शोधनिबंध तयार होतो, आणि मूळ विदेवरचा शिक्का ‘अंबर’, म्हणजे मर्यादित प्रसाराचा, असल्याचं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं. मग निबंधातल्या निम्म्या तक्त्यांवर काळी पट्टी. विदा स्वीकारतानाच लेखी विचारा: एकत्रित आकडे छापता येतील का, उदाहरणादाखल डोमेननावं छापता येतील का, दुसऱ्या कुणाला निकाल पडताळायला मूळ विदा दाखवता येईल का. तीन प्रश्न, तीन लेखी उत्तरं, आणि उत्तर देणाऱ्याचा हुद्दा.

शिक्के आणि त्यांचे गैरसमज

टीएलपी म्हणजे ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल, माहिती पुढे कोणाला द्यायची ते सांगणाऱ्या शिक्क्यांची पद्धत, मूळचा ब्रिटनमधला. आज फर्स्ट तो सांभाळते आणि ऑगस्ट २०२२ पासून २.० आवृत्ती चालते. रेड म्हणजे फक्त त्या बैठकीतल्या किंवा त्या पत्रातल्या व्यक्तींपुरतं. अंबर म्हणजे तुमची संस्था आणि गरज असेल तर तिचे ग्राहक. अंबर-स्ट्रिक्ट म्हणजे ग्राहकही नाहीत, फक्त संस्था. ग्रीन म्हणजे आपला व्यावसायिक समुदाय. क्लिअर म्हणजे कुणालाही.

टीएलपी फक्त ‘कोणाला सांगायचं’ एवढंच सांगतो. ‘त्या माहितीचं काय करायचं’ याबद्दल तो गप्प असतो, आणि माशी शिंकते ती इथेच. समजा, मित्रदेशानं अंबर शिक्क्याखाली एक नमुना पाठवला. इकडच्या विद्यार्थ्यानं तो कुठल्या माणसाला दाखवला नाही, पण सार्वजनिक तपासणी सेवेवर चढवला. टीएलपीची भाषा काटेकोर वाचली तर हाही प्रसारच आहे, पण त्याला तसं वाटत नाही. तिकडे हल्लेखोर आपल्याच फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा) अशा सेवांवर रोज शोधत असतो. हॅश सापडला की आपण पकडले गेलो हे त्याला कळतं, तो सर्व्हर बदलतो आणि मित्रदेशाची सहा महिन्यांची पाळत वाया जाते. यासाठी पॅप, म्हणजे परवानगी असलेल्या कृतींचा शिक्का, वेगळा लावतात. पॅप रेड असेल तर बाहेर कुठेही पाऊलखूण उमटेल अशी कृती करायची नाही. अंबर असेल तर बाहेरच्या सेवांवर नुसतं पडताळून बघता येतं, त्या डोमेनला किंवा सर्व्हरला थेट हात लावायचा नाही. ग्रीन असेल तर पिंग करणं, फायरवॉलवर अडवणं चालतं. साधा नियम: तपासणी सेवेवर हॅशनं शोधा, फाइल चढवू नका. आणि पॅप रेड असेल तर हॅशही टाकू नका, कारण शोधाची नोंदही कुठेतरी राहतेच.

प्रत्यक्ष देवाणघेवाणीसाठी बहुतेक ठिकाणी मिस्प हे सॉफ्टवेअर वापरतात. ही प्रणाली २०११ च्या सुमारास बेल्जियमच्या संरक्षण दलात सुरू झाली, नाटोनं तिला हात दिला आणि आज लक्झेंबर्गचं सर्कल हे प्रतिसाद पथक तिच्या विकासात पुढे आहे. मिस्पमध्ये प्रत्येक घटनेला, म्हणजे एका प्रकरणाच्या नोंदीला, प्रसाराची पातळी असते: फक्त आपली संस्था, हा समुदाय, जोडलेले समुदाय, सर्व समुदाय, किंवा ठरावीक संस्थांचा गट. ‘जोडलेले समुदाय’ ही पातळी एक उडी मारली की आपोआप ‘हा समुदाय’ होते, म्हणजे माहिती तिथेच थांबते. हे माहीत नसलेले लोक ‘आम्ही पाठवलं होतं’ आणि ‘आमच्याकडे आलंच नाही’ यावर आठवडा घालवतात. दोन देशांच्या प्रकल्पाला शक्यतो ठरावीक संस्थांचा गटच वापरावा. त्यात कोण आहे ते नावानिशी दिसतं आणि एखादी संस्था बाहेर पडली तर तिला काढता येतं.

शिक्का टीएलपीचा आणि पातळी मिस्पची, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. टीएलपी रेड लिहिलेली घटना ‘सर्व समुदाय’ पातळीवर ठेवली तर मिस्प ती इमानेइतबारे जगभर पाठवतो. शिक्का हा माणसांसाठी असतो, यंत्र तो वाचतंच असं नाही.

एकाच बातमीला तीन साक्षीदार

संशोधनाच्या दृष्टीनं सगळ्यात घातक दोष वेगळाच आहे. अ देशाला एक संशयित डोमेन सापडतं. तो ब ला कळवतो. ब ते आपल्या नावानं क ला देतो, मूळ स्रोत झाकायचा म्हणून. क कडून ते पुन्हा अ कडे येतं. आता अ च्या नोंदीत त्या डोमेनला ‘तीन स्वतंत्र दुजोरे’ आहेत. विश्वासाचा गुणांक वाढतो, ते काळ्या यादीत जातं, आणि त्या यादीवरून कुणीतरी यंत्राला शिकवायची विदा बनवतो. मुळात निरीक्षण एकच होतं, आणि कदाचित तेही चुकीचं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. स्टिक्स २.१ या धोक्यांची माहिती मांडायच्या मानकात प्रत्येक वस्तूला (नोंदीला) स्वतःची ओळखसंख्या असते आणि ती कोणी निर्माण केली याचा संदर्भ ठेवता येतो. पुढे पाठवताना नवी वस्तू बनवायची नाही, मूळ ओळखसंख्या तशीच ठेवायची. मूळ संस्थेचं नाव झाकायचं असेल तर तिच्या जागी कायम एकच टोपणनाव वापरायचं, दरवेळी नवं नाही. मग क कडून परत आलेली वस्तू आपलीच आहे हे अ च्या प्रणालीला ओळखता येतं. याशिवाय ‘मी पाहिलं’ आणि ‘मला सांगितलं’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या. स्टिक्समध्ये प्रत्यक्ष दर्शनासाठी स्वतंत्र प्रकार आहे, पण त्याचा वापर फार कमी होतो.

खोट्या सूचकांचंही, म्हणजे हल्ल्याची खूण म्हणून चुकून नोंदलेल्या पत्त्यांचंही, असंच. मालवेअर चालवून बघितलं की ते आधी इंटरनेट चालू आहे का हे तपासायला एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाला हाक मारतं, आणि सँडबॉक्स (मालवेअर बंदिस्तपणे चालवून बघायची यंत्रणा) तो पत्ताही निमूटपणे ‘संशयित’ यादीत टाकतो. गूगलच्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सेवेचा ८.८.८.८ हा पत्ता अशा याद्यांमध्ये किती वेळा सापडतो हे पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. मिस्पबरोबर मिळणाऱ्या इशारा-याद्या चालू ठेवल्या तर असे पत्ते, खासगी जाळ्यांचे पत्ते आणि मोठ्या वितरण जाळ्यांचे पत्ते वेगळे निघतात.

सिंकहोलची, म्हणजे मालवेअरची रहदारी आपल्याकडे वळवून घेणाऱ्या सर्व्हरची, गोष्ट जास्त अवघड. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकर वर्मच्या पहिल्या आवृत्त्या आपल्या मालकाशी संपर्कासाठी रोज २५० डोमेननावं तयार करत. १ एप्रिल २००९ पासून सी आवृत्ती रोज ५०,००० नावं तयार करू लागली, आणि तीही १०० हून अधिक देशांच्या डोमेनविस्तारांत विखुरलेली. त्यामुळे दर देशाच्या नोंदणी संस्थेशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अडवलेली नावं संशोधकांच्या सर्व्हरकडे वळवली गेली. अशा वेळी ब देशाच्या जाळ्यातून त्या सर्व्हरकडे जाणारी रहदारी ब ला हल्ल्यासारखी दिसते, आणि अ देशातल्या संशोधकांचा सर्व्हर ब च्या काळ्या यादीत जातो. ब नं तो अडवला की बाधित यंत्रांची मोजणीच थांबते. म्हणून सिंकहोलचे पत्ते भागीदारांना आधीच कळवा, निदान टीएलपी अंबरखाली.

निनावी केलं म्हणजे नेमकं काय केलं

युरोपीय न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ मधल्या ब्रेयर खटल्यात सांगितलं की संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे माणूस ओळखण्याचा कायदेशीर मार्ग असेल, तर बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरू शकतो. पुढे जुलै २०२० मध्ये त्याच न्यायालयानं युरोप-अमेरिका प्रायव्हसी शील्ड (वैयक्तिक माहिती अमेरिकेला पाठवू देणारी चौकट) रद्द केली, आणि जुलै २०२३ मध्ये नवी चौकट येईपर्यंत अटलांटिकपलीकडे नोंदी पाठवणाऱ्यांना स्वतंत्र करारकलमांवर चालवावं लागलं. मैत्री कितीही जुनी असली तरी त्यामुळे नोंदी आपोआप पलीकडे जात नाहीत.

मग लोक आयपी पत्त्याचा एसएचए-२५६ हॅश काढतात आणि ‘निनावी विदा’ म्हणून पाठवतात. हा शुद्ध भ्रम आहे. आयपी आवृत्ती चारचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. साध्या संगणकावर सगळ्यांचे हॅश काढून उलटा तक्ता बनवणं हे किरकोळ काम आहे. हॅश काढायचाच तर गुप्त किल्लीसह काढा, म्हणजे एचमॅक वापरा. आणि ती किल्ली विदा घेणाऱ्याकडे नको.

जाळ्यांच्या संशोधनात पत्त्यांची शेजारनाती टिकवावी लागतात: एकाच उपजाळ्यातले दोन पत्ते निनावी झाल्यावरही शेजारी दिसले पाहिजेत. त्यासाठी क्रिप्टो-पॅन ही पद्धत वापरतात. त्याची किल्ली ३२ बाइटची असते आणि आतून एईएस हे कूटलेखनाचं मानक चालतं. दोन पत्त्यांचे सुरुवातीचे जितके बिट समान, तितकेच बदलल्यावरही समान राहतात. हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा कच्चा दुवा. रहदारी टिपली जात असताना कुणी त्या जाळ्यातल्या माहीत असलेल्या पत्त्यांवर मुद्दाम विचित्र आकाराची पाकिटं टाकली, तर नंतर प्रसिद्ध झालेल्या विदेत ती ओळखता येतात. एक पत्ता उलगडला की त्याच्या शेजाऱ्यांचे सुरुवातीचे बिटही उघडे पडतात.

यातून दोन देशांच्या प्रकल्पात एक पेच उभा राहतो. दोन्हीकडची विदा जुळवायची तर किल्ली एकच हवी. किल्ली दोघांकडे असेल तर दोघेही एकमेकांचे पत्ते उलगडू शकतात. किल्ली वेगळी ठेवली तर जुळणीच होत नाही. यातून तीन वाटा आहेत: किल्ली तिसऱ्या संस्थेकडे ठेवायची, किंवा फक्त दोन्हीकडे समान असलेल्या नोंदीच उघड होतील अशी गुप्त छेदसंचाची पद्धत वापरायची, किंवा विदा जागेवरच ठेवून प्रोग्राम तिकडे पाठवायचा.

तिसरी वाट मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. तिच्यातही खाचखळगे आहेत. पलीकडची यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली असते, त्यामुळे प्रोग्रामला लागणारी प्रत्येक लायब्ररी नेमक्या आवृत्तीसह कंटेनरमध्ये बांधून द्यावी लागते. चालताना चूक झाली की प्रोग्राम चुकीच्या ओळीसकट संदेश छापतो आणि त्या संदेशातून खरी विदा बाहेर येते, म्हणून चुकांचे संदेशही तपासल्याशिवाय सोडायचे नाहीत. निकालात एखाद्या गटात दोन-तीनच नोंदी असतील तर तो आकडा झाकायचा. आणि सगळ्यात आधी त्याच रचनेच्या हजारेक बनावट ओळी मागून घ्यायच्या, म्हणजे रकाना पाचमध्ये पोर्ट आहे की प्रोटोकॉल हे तिसऱ्या महिन्यात कळणार नाही.

नमुने, घड्याळं, कीबोर्ड

मालवेअरचा नमुना झिपमध्ये ‘इन्फेक्टेड’ या पासवर्डखाली पाठवायची जगभर रीत आहे. तो पासवर्ड चुकून दुहेरी क्लिक होऊ नये आणि मेलच्या चाळणीनं फाइल खाऊ नये यासाठी असतो. त्यातून गोपनीयता मिळत नाही. शिवाय झिपमधल्या फायलींची नावं पासवर्डशिवायही दिसतात, आणि बळी पडलेल्या संस्थेचं नाव फाइलच्या नावात असलं तर ते उघडं पडतं. नाव बदलून एसएचए-२५६ हेच नाव द्या, गोपनीय असेल तर वरून भागीदाराच्या सार्वजनिक किल्लीनं कूटबद्ध करा, आणि हॅश वेगळ्या मार्गानं कळवा.

एकाच नमुन्याचे दोन देशांत दोन निकाल येतात तेव्हा पहिला संशय कौशल्यावर घेतला जातो. तो बहुधा चुकीचा असतो. अनेक रॅन्समवेअर (खंडणी मागणारे मालवेअर) यंत्राची भाषा किंवा कीबोर्डची मांडणी रशियन आहे का ते बघतात आणि असेल तर गप्प बसतात. काही नियंत्रण सर्व्हर ठरावीक देशांतल्या पत्त्यांनाच खरी फाइल देतात, बाकीच्यांना रिकामं पान. म्हणून अहवालात सँडबॉक्सची भाषा, कीबोर्ड, कालक्षेत्र, बाहेर पडणाऱ्या पत्त्याचा देश आणि चालवल्याची वेळ हे पाच रकाने सक्तीचे ठेवा.

वेळ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्यात तडजोड नको. ‘पहिल्यांदा दिसलं’, ‘आम्हाला कळलं’ आणि ‘आम्ही पाठवलं’ या तीन वेगळ्या वेळा आहेत, त्या एकाच रकान्यात कोंबल्या की हल्ला कुठून कुठे पसरला याचा नकाशा उलटा निघतो.

हल्लेखोर स्वतःचा मालवेअर आणतच नसेल तर हॅशच्या याद्या निरुपयोगी ठरतात. २४ मे २०२३ ला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी व्होल्ट टायफून या हल्लेखोर गटाबद्दल संयुक्त सूचना काढली. तिच्यात भर होता तो विंडोजमधल्याच साधनांवर: डब्ल्यूएमआयसी, एनटीडीएस-युटिल, नेटशेल, पॉवरशेल. हीच साधनं प्रशासकही रोज वापरतात, असा इशाराही तिथे दिलेला होता. अशा ठिकाणी वर्तनाचे नियम पाठवावे लागतात, आणि नियम चालायचे तर दोन्हीकडे चालवलेल्या प्रत्येक आज्ञेची पूर्ण ओळ नोंदली जायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती नोंद बंदच असते. नियम जातो, शून्य जुळण्या येतात, आणि ‘आमच्याकडे काही नाही’ असा निष्कर्ष निघतो. नियमाबरोबर तो तपासायला एक निरुपद्रवी चाचणीही पाठवा.

निर्यात परवाना नावाची भिंत

वासेनार ही शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी ४२ देशांची व्यवस्था. भारत डिसेंबर २०१७ मध्ये तिचा ४२वा सदस्य झाला. तिच्या नियंत्रण यादीत डिसेंबर २०१३ मध्ये घुसखोरी सॉफ्टवेअरशी संबंधित गोष्टी आल्या. हेतू पाळत ठेवणारी साधनं दडपशाही राजवटींना विकली जाऊ नयेत हा. शब्दरचना मात्र इतकी रुंद होती की सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधणारेच तिच्यात सापडले. २०१५ मध्ये जपानमधल्या मोबाइल पोन-टू-ओन स्पर्धेतून अमेरिकेच्या एचपी कंपनीनं माघार घेतली ती या नियमांच्या गुंत्यामुळे. अमेरिका आणि जपान इतके जवळचे मित्र, आणि स्पर्धा त्रुटी दुरुस्त करून घेण्यासाठीची! डिसेंबर २०१७ मध्ये वासेनारनं त्रुटी कळवणं आणि घटना-प्रतिसाद यांना सूट दिली. अमेरिकेचा तदनुसार नियम लागू व्हायला मार्च २०२२ उजाडलं. वासेनारचे निर्णय कुणावर थेट बंधनकारक नसतात, प्रत्येक देश आपला कायदा स्वतः करतो, म्हणून भागीदाराच्या देशातली सूट आपल्याकडे आहेच असं धरून चालू नका.

अमेरिकी भागीदार असेल तर दोन गोष्टी आवर्जून बघा. नियंत्रित तंत्रज्ञान अमेरिकेतच, पण परदेशी नागरिकाला दाखवणं हीही निर्यात मानली जाते. आणि जाहीर करण्यासाठी केलेल्या मूलभूत संशोधनाला जी सूट मिळते ती करारातल्या एका वाक्यानं जाऊ शकते: ‘प्रकाशनापूर्वी प्रायोजकाची मंजुरी आवश्यक’. प्रायोजकाची गोपनीय माहिती चुकून जात नाही ना एवढं पाहण्यासाठी मसुदा दाखवणं चालतं, रोखण्याचा अधिकार देणं महागात पडतं.

पैशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेची एनएसएफ (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान) आणि इस्रायल-अमेरिका बीएसएफ (द्विराष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान) यांची पद्धत सुटसुटीत आहे: प्रत्येक बाजू आपल्या संशोधकाला पैसे देते, पैसा सीमा ओलांडत नाही. उद्योगांसाठी १९७७ मध्ये स्थापन झालेली त्याच दोन देशांची बर्ड संस्था खर्चाच्या निम्म्यापर्यंत मदत करते आणि उत्पादन विकलं गेलं तर परतफेड घेते. सामाईक निधीचा एकच पेटारा करण्यापेक्षा या दोन्ही पद्धती बऱ्या.

त्रुटी सापडली तर

संयुक्त प्रकल्पात एखादी गंभीर त्रुटी सापडली की ती किती दिवस गुप्त ठेवायची हे आधी ठरलेलं असावं. वाय-फायमधल्या क्रॅक त्रुटीच्या वेळी २०१७ मध्ये ओपनबीएसडी या संगणकप्रणालीच्या लोकांनी दुरुस्ती ठरल्या तारखेआधी टाकली, आणि पुढच्या वेळी त्यांना उशिरा कळवू असं संशोधकानं जाहीर केलं. स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटींचं प्रकरण ९ जानेवारी २०१८ ला जाहीर व्हायचं होतं, ते ३ तारखेलाच फुटलं. गुप्तता जितक्या जास्त जणांत वाटली तितकी ती लवकर फुटणार हे गृहीत धरून पर्यायी मसुदा तयार ठेवा.

आता कायदेही मध्ये येतात. चीनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून उत्पादकाला त्रुटी ४८ तासांत सरकारला कळवावी लागते. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यानुसार ११ सप्टेंबर २०२६ पासून प्रत्यक्ष वापरली जाणारी त्रुटी उत्पादकानं २४ तासांत कळवायची आहे. म्हणजे तुमचा भागीदार प्रामाणिक असूनही त्याच्या हाती गुप्तता राहत नाही.

आणि मित्राचं सरकार ती त्रुटी कळल्यावर काय करील? इटर्नलब्लू हे विंडोजमधल्या एका त्रुटीचा फायदा घेणारं अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचं साधन. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली, एप्रिलमध्ये साधन फुटलं, १२ मेला त्याच्या बळावर वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला आणि ब्रिटनची आरोग्यसेवा कोलमडली. डिसेंबरमध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोघांनी मिळून उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं, ते योग्यच. पण एका मित्रानं कपाटात ठेवलेलं हत्यार दुसऱ्या मित्राच्या रुग्णालयांवर चाललं, ही नोंदही त्याच पानावर हवी.

बंद खोलीत काय ठेवू नये

विदा बंद वर्तुळात ठेवण्याला कारण आहे. पद्धती आणि अल्गोरिदम बंद ठेवण्याला मला ते दिसत नाही. एईएससाठी १५ प्रस्ताव जगभरातून आले आणि २००० मध्ये निवडला गेला तो दोन बेल्जियन संशोधकांचा राइनडाल. क्वांटमोत्तर (क्वांटम संगणकापुढेही टिकेल अशा) कूटलेखनात तर खुलेपणानं अनर्थ टाळला. रेनबो ही अंतिम फेरीतली योजना २०२२ च्या सुरुवातीला एका लॅपटॉपवर शनिवार-रविवारात फुटली. त्याच उन्हाळ्यात लुव्हेनच्या दोघा संशोधकांनी साईक ही योजना प्रोसेसरच्या एका साध्या गाभ्यावर तासाभरात मोडली. त्यानंतर १३ ऑगस्ट २०२४ ला या कूटलेखनाची तीन मानकं जाहीर झाली. ही तपासणी चार-पाच मित्रदेशांपुरती ठेवली असती तर ते दोन घाव कधी बसले असते सांगता येत नाही.

सरावांचं स्थान मधलं आहे. टॅलिनमधलं नाटोचं सायबर केंद्र २००८ मध्ये उभं राहिलं आणि लॉक्ड शिल्ड्स हा सायबर हल्ले परतवण्याचा सराव २०१० पासून होतो. सरावातली रहदारी संशोधकांना मोहात पाडते, कारण तिच्यात खऱ्या माणसांची माहिती नसते आणि कोणता हल्ला कधी झाला हे नोंदलेलं असतं. पण पार्श्वभूमीची रहदारी यंत्रानं बनवलेली असते आणि हल्लेखोर दोन दिवसांत सगळं उरकतात. तिच्यावर शिकवलेला हल्ले शोधणारा प्रोग्राम खऱ्या जाळ्यात सपाटून आपटतो. सरावाची विदा साधन चालतं का हे बघायला वापरा, किती अचूक चालतं हे सांगायला नको.

शेवटी बाहेर पडण्याचं कलम, जे सह्यांच्या दिवशी अशुभ वाटतं म्हणून कुणी लिहीत नाही. मित्रदेशही योजनांतून बाहेर पडतात: ब्रिटन होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन योजनेत सहयोगी म्हणून परतला तो १ जानेवारी २०२४ ला, तोवर मधली वर्षं अधांतरी गेली. विदा पुसायची म्हणजे मूळ फाइल, तिच्या बॅकअप प्रती, किल्ल्या, आणि तिच्यावर शिकवलेली मॉडेलं यांतलं नेमकं काय, हे शब्दांत लिहा. मॉडेल पुसता येणार नसेल तर तसं लिहा. आणि मिस्पमध्ये घटना पुसून टाकली तरी ती भागीदाराच्या सर्व्हरवर तशीच राहते. माघार कळवायची असेल तर घटना न पुसता तिच्यातले सूचक रद्द म्हणून नोंदवा, शोधासाठी वापरण्याची खूण काढा आणि ती पुन्हा प्रकाशित करा, म्हणजे पुढच्या समक्रमणात बदल तिकडे पोचेल.